आमची वाटचाल: टाकी त्याची, पंप आमचा

माशांच्या टाक्यांसाठी एअर पंप आणि स्पंज फिल्टर बनवणाऱ्या आमच्या छोट्या कारखान्याने पहिल्यापासून एक गोष्ट धरून ठेवली आहे. टाकीतल्या पाण्यात ऑक्सिजन मिसळतो तो मुख्यतः हलत्या पृष्ठभागातून, आणि वर चढणारा बुडबुडा तळाचे पाणी वर आणून तो पृष्ठभाग सतत हलता ठेवतो. त्यामुळे बुडबुड्यांच्या शोभेपेक्षा आम्ही डायफ्रामच्या, म्हणजे पंपातल्या हवा ढकलणाऱ्या पडद्याच्या, रबराकडे अधिक लक्ष दिले, कारण ते ताठरले की पंपाचा आवाज तेवढाच राहतो आणि हवा मात्र घटते.

सुरुवातीची वर्षे सुरळीत गेली. मग एका प्रतिस्पर्ध्याने उंच, अरुंद टाक्या बाजारात आणल्या. त्या दिसायला देखण्या होत्या, पण आतल्या पाण्याच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग तोकडा होता. त्यांत दाट वनस्पती लावून तो ग्राहकांना बेधडक सांगत असे की, वनस्पती ऑक्सिजन देतातच, तेव्हा आवाजाचा त्रास होत असेल तर रात्री पंप बंद ठेवा. उजेड गेल्यावर त्याच वनस्पती मासे आणि जिवाणूंच्या बरोबरीने ऑक्सिजन वापरू लागतात, हे त्याने कोणालाही सांगितले नाही. त्यात उन्हाळा आला. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरणारे गोडे पाणी ३० अंशांना जेमतेम साडेसात मिलिग्रॅम धरते. गोल्डफिश पहाटे पृष्ठभागाशी तोंडे आणून धापा टाकू लागले, मरू लागले, आणि खापर फुटले ते आमच्या पंपावर. विक्रेत्यांनी माल परत पाठवला, उधारी अडकली, आणि डायफ्रामचे साचेसुद्धा विकायला काढण्याची वेळ आली.

त्या काळात आमच्या पाठीशी उभे राहिले ते आमचे सर्वांत जुने ग्राहक, रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. आम्ही सगळे त्यांना ‘सर’च म्हणतो. अशाच एका टाकीतले पाणी सरांनी संध्याकाळी आणि पुन्हा पहाटे, हवेचा एकही बुडबुडा आत राहू न देता, काचेच्या बुचाच्या बाटल्यांत भरले आणि त्यांत मँगनीज सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइड घातले. संध्याकाळच्या बाटलीत गडद तपकिरी साका बसला, म्हणजे पाण्यात ऑक्सिजन होता. पहाटेच्या बाटलीत तो जवळजवळ पांढराच राहिला, म्हणजे ऑक्सिजन संपत आला होता. दुसऱ्या रात्री पंप चालू ठेवला, तेव्हा पहाटेचा साकाही तपकिरी आला. सर त्या बाटल्या घेऊन स्वतः विक्रेत्यांकडे गेले.

विक्रेते हळूहळू परतले, सगळे नाही. त्या प्रतिस्पर्ध्याने आपले बोलणे कधीच मागे घेतले नाही, आणि ते मला आजही खुपते.

कोणी विचारलेले नसले तरी सांगतो: पंप रात्री कधीही बंद करू नका, एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड) चोंदला की बदला, आणि पाण्यावर तेलकट साय धरू लागली तर आधी खाद्य कमी करा. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. खाली ठेवावाच लागला तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेल्यावर टाकीतले पाणी उलटे पंपात शिरते. आता प्रत्येक पंपाच्या खोक्यात आम्ही तो व्हॉल्व्ह घालूनच देतो.