टोकियोचा कचरा आणि त्यामागचे भांडण

भारतातून येणारे पाहुणे आम्हाला बुलेट ट्रेन, भूकंप आणि साकुरा म्हणजे चेरीचा बहर यांविषयी विचारतात. कचऱ्याविषयी कोणीही विचारत नाही. इथला आठवडा मात्र कचऱ्याच्या वेळापत्रकावरच चालतो. आम्ही टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईला राहतो. २००० सालच्या सुमारास भारतीय संगणक अभियंते या भागात येऊ लागले आणि आता तूरडाळ, कढीपत्ता आणायला चालत जाता येते, त्यामुळे ज्याची धास्ती घेऊन आले होते ते खाण्यापिण्याचे हाल कधी झालेच नाहीत. नवल वाटले ते जेवण झाल्यानंतर उरणाऱ्या गोष्टींचे.

जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, बाटल्या-डबे आणि कागद त्यांच्या त्यांच्या वारी, आणि तेही सकाळी आठच्या आत, ठरलेल्या कोपऱ्यावर, कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून अंथरलेल्या जाळीखाली. प्लॅस्टिकच्या बाटलीचे झाकण आणि वेष्टन काढून ती विसळावी लागते. जुनी खुर्ची टाकायची असेल, तर आधी तारीख घ्यावी लागते आणि दुकानातून दोनशे किंवा तीनशे येनांचे स्टिकर विकत आणून तिच्यावर चिकटवावे लागतात. म्हणजे वस्तू घेतानाही पैसे आणि टाकतानाही पैसे. घर एवढेसे, त्यात कचऱ्याचे चार डबे. पिशवी पारदर्शक असल्यामुळे आपण काय खाल्ले हे साऱ्या इमारतीला कळते, हे मला आजही आवडत नाही. पावसाळी उकाड्यात कोळंबी आणली, तर तिची साले जळणाऱ्या कचऱ्याचा वार येईपर्यंत फ्रीझरमध्ये, आइस्क्रीमच्या शेजारी ठेवते. बऱ्याच जपानी गृहिणी हेच करतात, असे कळल्यावर मनावरचे ओझे थोडे उतरले.

दिवाळीत चकल्या तळल्यानंतर उरलेल्या तेलाचे काय करायचे, हा प्रश्न इथल्या दुकानदाराने सोडवला. गरम तेलात एक पूड ढवळायची. निवल्यावर तेलाची वडी होते आणि ती कढईतून सोडवून जळणाऱ्या कचऱ्यात टाकता येते. ही पूड एरंडेलापासून करतात. जगातले बहुतेक एरंड भारतात पिकते, तरी असा उपयोग मी पुण्यात कधी पाहिला नव्हता.

हे सगळे मी बराच काळ निमूटपणे, पण मनातून कुरकुरत पाळत होते. एके सकाळी गाडी येऊन गेल्यावर जाळीखाली एकच पिशवी उरली होती आणि तिच्यावर ‘वर्गीकरण चुकले आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी डकवलेली होती. आमच्या मजल्यावरच्या आजी हातमोजे घालून खाली आल्या, त्यांनी जाळीची घडी केली, ती पिशवी उघडली आणि जिन्याखाली बसून आतला कचरा वेगळा करू लागल्या. मला आधी रागच आला, कारण इमारतीत परदेशी कुटुंब आमचे एकटेच होते आणि संशय कोणावर जाणार हे उघड होते. पिशवी आमची नाही, हे मी माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत सांगितले. ‘ठाऊक आहे,’ एवढेच त्या म्हणाल्या. मग कोणाची, हेही त्यांना नक्की ठाऊक असणार. पण मी दोनदा विचारूनही त्यांनी नाव घेतले नाही. मीही शेजारी बसले. दुधाचा खोका धुऊन, कात्रीने उभा कापून, सपाट करून कसा वाळवायचा आणि सुपरमार्केटच्या दाराशी असलेल्या पेटीत कसा टाकायचा, हे त्यांनी त्याच पिशवीतल्या खोक्यावर मला करून दाखवले.

काम करता करता त्या बोलू लागल्या. त्यांचे माहेर नदीपलीकडच्या कोतो वॉर्डातले. १९६५ च्या उन्हाळ्यात त्या शाळकरी होत्या आणि त्या वेळी घरात जेवताना एका हाताने माशा हाकाव्या लागत. सगळ्या टोकियोचा कचरा तेव्हा त्यांच्या वॉर्डापुढच्या समुद्रात, युमेनोशिमा या भरावाच्या बेटावर ओतला जात होता. माशांचे थवे शाळांपर्यंत आले तेव्हा सरकारने शेवटी कचऱ्याचे डोंगरच पेटवून दिले. पुढे १९७१ मध्ये टोकियोचे राज्यपाल र्‍योकिची मिनोबे यांनी ‘कचरा युद्ध’ जाहीर केले. प्रत्येक वॉर्डाने आपला कचरा आपल्या हद्दीत जाळावा, अशी कोतोची मागणी होती. सुगिनामी वॉर्डातल्या रहिवाशांना मात्र आपल्या शेजारी भट्टी नको होती. १९७३ मध्ये कोतोने सुगिनामीच्या कचरागाड्या रस्त्यातच अडवल्या. सुगिनामीची भट्टी उभी राहायला १९८२ साल उजाडले.

हे ऐकताना मला पुण्याजवळची उरुळी देवाची आणि फुरसुंगी आठवल्याशिवाय राहिली नाहीत, कारण तिथल्या गावकऱ्यांनीही पुण्याच्या कचरागाड्या अशाच अडवल्या आहेत. ‘जपानी माणूस जन्मजातच स्वच्छ’ असे सांगणारे जे संदेश नातेवाइकांच्या गटांत फिरतात, ते तेव्हापासून माझ्या डोक्यात जातात. या शहरात रस्त्यावर कचराकुंडी दिसत नाही याचेही ते कौतुक करतात. पण १९९५ मध्ये इथल्या मेट्रोत सारिन या विषारी वायूचा हल्ला झाल्यानंतर कुंड्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्या, आणि तेव्हापासून सहलीला गेलेल्या माणसाला केळ्याचे साल पिशवीत घालून घरी आणावे लागते, याला मी संस्कृती म्हणणार नाही. दोन लहान मुलांना घेऊन बाहेर पडलेल्या आईला विचारून पाहावे.

पुढच्याच रविवारी आम्ही आराकावा नदीवरचा पूल ओलांडून सायकलने युमेनोशिमाला गेलो. त्या कचऱ्यावर आता उद्यान आहे. १९५४ मध्ये बिकिनी बेटांवर झालेल्या अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीत किरणोत्सर्गी राख अंगावर पडलेली मासेमारी नौका याच कचऱ्यात टाकून दिलेली होती. तिचे तिथे संग्रहालय झाले आहे, आणि त्या एका नौकेपुढे आमचा अर्धा दिवस गेला. उद्यानात १९८८ पासून उष्ण कटिबंधातील झाडांचे एक काचघरही आहे. शेजारच्या भट्टीत टोकियोचा कचरा जळतो आणि त्या उष्णतेवर तापवलेल्या पाण्याने ते उबदार राहते. आत केळी आहेत, माड आहेत. मुलांनी विचारले की आपण टाकलेली कोळंबीची साले इथेच येतात का; आमच्या वॉर्डाचा कचरा नेमका कोणत्या भट्टीत जातो, हे मी आजींना विचारून सांगेन म्हणाले. काचघर पाहायचे तर जानेवारीत जावे. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो, आणि आतल्यापेक्षा बाहेर जास्त उकडत होते.