बाळंतपणाला माहेरी जाताना: विमान की गाडी?

पहिले बाळंतपण माहेरी करायचे हा आमच्याकडचा रिवाज आहे, आणि माझे माहेर जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात असल्यामुळे ठाण्याहून तिथवर कसे जायचे, हा प्रश्न डोहाळजेवण आटोपताच घरात निघाला. यजमानांच्या मनात विमान होते, अण्णांचे म्हणणे होते की जावयांनी समृद्धी महामार्गावरून गाडीच आणावी, आणि आईचा धोशा एकच होता की नववा लागण्याआधी लेक घरात असावी.

मुंबई ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर विमान तासाभरात कापते, हे खरे आहे. परंतु ठाण्याहून विमानतळ गाठणे, तपासणीच्या रांगेत उभे राहणे आणि चिकलठाण्याला उतरल्यावर पुन्हा ७०-८० किलोमीटर गाडीनेच जाणे हे सारे जमेस धरले, तर वाचणारा वेळ फारच थोडा उरतो. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक विमान कंपन्या ३२ आठवड्यांनंतर डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागतात आणि ३५-३६ आठवड्यांनंतर विमानात घेतच नाहीत; जुळी असतील तर ही मुदत आणखी अलीकडे येते.

विमानाने बाळाला अपाय होतो ही आईची भीती मात्र डॉक्टरांनी दूर केली. विमानातील हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो आणि निरोगी आईला व बाळाला तो सहज सोसतो. अंगात रक्त फारच कमी असेल तर मात्र आधी विचारून घ्यावे लागते. रक्तदाब वाढलेला असेल, अंगावरून रक्त जात असेल, वार (बाळाला पोसणारी, प्लासेंटा) गर्भाशयात खाली असेल किंवा अवेळी कळा येत असतील, तर विमान आणि गाडी यांत निवड करण्याचा प्रश्नच उरत नाही, घरीच थांबायचे. गरोदरपणात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढलेला असतो, त्यामुळे तासन्‌तास एका जागी बसणे दोन्हीकडे वाईटच.

अखेर आम्ही गाडी ठरवली, ती एवढ्याचसाठी की ती थांबवता येते. अंतर जवळपास ४०० किलोमीटर आहे, पण दर दीड-दोन तासांनी उतरून दहा मिनिटे चालता येते. समृद्धीवर मात्र मनाला येईल तिथे बाहेर पडता येत नाही, ठरावीक ठिकाणीच उतरावे लागते. म्हणून सिन्नर, शिर्डी, वैजापूर आणि संभाजीनगर इथे कुठे उतरून कोणते रुग्णालय गाठायचे, हे यजमानांनी कागदावर लिहून ठेवले आहे. सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर टायर फुटण्याचे प्रकार घडतात, म्हणून टायर तपासून घेतले आहेत आणि निघायचे पहाटे. बंगळूरहून यायचे असते तर मी विमानच निवडले असते. रेल्वेचाही विचार झाला. तिच्यात पाय मोकळे करता येतात, शौचालय असते, परंतु दुपारी निघणारी वंदे भारत जालन्याला रात्री पोहोचते आणि तिथून पुढे अंधारात खड्डे चुकवत जाणे मला पटले नाही.

गाडीतल्या सीटच्या पट्ट्याबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे, कारण पोटाला काचेल म्हणून तो न लावणाऱ्या बायका मी आमच्याच नात्यात पाहिल्या आहेत. खालचा पट्टा पोटावरून न घेता पोटाखालून, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर घट्ट बसवायचा आणि वरचा पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून काढून पोटाच्या कडेने घ्यायचा. मोठा धक्का बसला तर गर्भाशयातील वार सुटू शकते, आणि आईला वरून साधा ओरखडाही आलेला नसला तरी बाळ धोक्यात येऊ शकते. अशा वेळी दुखत नसले तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवलेच पाहिजे.

सोनोग्राफीचे अहवाल, रक्तगट आणि औषधांची चिठ्ठी असलेली फाइल माझ्या हातातल्या पिशवीत राहील, डिकीत नाही. जालन्याच्या डॉक्टरांकडे आईने माझे नाव आधीच नोंदवले आहे आणि पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशीची वेळही घेतली आहे.