‘हलका व्यायाम चालेल’ म्हणजे नक्की किती किलो?

वजनं उचलायला शिकणं काही अवघड गेलं नाही. घोडं अडलं ते त्याआधीच्या चिठ्ठीपाशी. व्यायामशाळेच्या फॉर्मवर ‘रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे का?’ असा प्रश्न असतो. साठीनंतर बऱ्याच जणींचं उत्तर ‘हो’ असतं, आणि मग डॉक्टरांचं पत्र लागतं. माझ्या पत्रावर आलं, ‘हलका व्यायाम चालेल.’ ट्रेनरनं ते वाचून ट्रेडमिलकडे बोट दाखवलं. पुन्हा दवाखाना, पुन्हा रांग, पुन्हा तेच वाक्य. भरलेली बादली उचलताना किंवा नातवंडाला कडेवर घेताना मात्र कुणी पत्र मागत नाही!

वजनांची ही भीती अगदीच निराधार नाही. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम उसळतो. पण त्यावर उपाय आहे बेताचं वजन आणि मोकळा श्वास. वजनच टाळणं नव्हे. पाळी गेल्यावर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि रक्तदाब वाढू लागतात, स्नायू झडतात, आणि नुसत्या चालण्यानं स्नायूंची झीज पुरेशी भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये पासष्टीपुढच्यांसाठीही आठवड्यातून किमान २ दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे.

म्हणून डॉक्टरांकडे ‘व्यायाम करू का?’ असं विचारत जाऊच नका. कागद घेऊन जा. त्यावर आठवडाभराचा सकाळ-संध्याकाळचा रक्तदाब लिहा. पाठ टेकून ५ मिनिटं शांत बसायचं, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवायचा आणि मग मोजायचं. चहा-कॉफी किंवा व्यायामानंतर अर्धा तास थांबून. खाली औषधं आणि त्यांचे डोस. मग नेमके प्रश्न: वरचा आकडा किती असला तर त्या दिवशी वजनांना हात लावायचा नाही? (१८०/११० च्या वर तर नाहीच, १६०/१०० च्या वर असेल तर आधी विचारायचं.) हृदयाची झडप अरुंद आहे का? डॉक्टरांना हृदयात ‘मर्मर’ (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आली असेल तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आधी. थोड्या श्रमानं किंवा बसल्या जागी छातीत दुखणं, ठोके अनियमित पडणं, हृदय कमकुवत होऊन पायांवर सूज चढणं, यांवर आधी उपचार. इथे घाई नको.

आणि पत्रात हे शब्द मागून घ्या: ‘आठवड्यातून २-३ दिवस, सलग १०-१५ वेळा उचलता येईल इतकं वजन, श्वास न रोखता.’ असं पत्र दाखवल्यावर ट्रेनरला पुढचं सांगावं लागत नाही.

पुढचं सोपं आहे. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, बसून दोर ओढणं, भिंतीला हात टेकून दंड काढणं, लेग प्रेस (बसून पायांनी वजन ढकलायचं यंत्र), टाचा उचलणं. सुरुवातीला प्रत्येकी एक सेट (सलग १०-१५ वेळा), मध्ये १-२ मिनिटं विश्रांती. थांबाल तेव्हा अजून ३-४ वेळा जमलं असतं असं वाटायला हवं. लागोपाठ दोन सत्रांत ठरल्यापेक्षा दोन वेळा जास्त झालं तरच वजन वाढवा, तेही २ ते १० टक्केच.

लेग प्रेसवर श्वास हमखास अडतो, म्हणून मोठ्यानं आकडे मोजा. बोलताना श्वास रोखता येत नाही. हाडं ठिसूळ असतील तर पाठीत वाकून वजन उचलू नका. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारं औषध) घेत असाल तर घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर जाऊ नका. तो वाढतच नाही फारसा, आणि त्यावरून श्रम कमी झाल्यासारखे वाटतात. शेवटी ५-१० मिनिटं सावकाश चाला, नाहीतर रक्तदाब घसरून उठताना चक्कर येऊ शकते.

बायकांमध्ये हृदयाचा झटका नेहमी छातीतल्या कळेनंच येतो असं नाही. जबडा किंवा पाठ दुखणं, श्रमाच्या मानानं जास्त धाप, घाम, मळमळ यांपैकी काही जाणवलं तर लगेच थांबा, आणि काही मिनिटांत ओसरलं नाही तर थेट रुग्णवाहिका. ‘पित्त असेल’ म्हणत बसू नका.

हो, पत्रावर तारीख घालून घ्या. औषध किंवा डोस बदलला की ते पुन्हा तपासून घ्यावं लागतं. म्हणजे पुन्हा रांग आलीच.