लघू-गुरू आणि वकीलकाका

वकीलकाका आपल्या शाळेत शिक्षक नव्हते, तरी सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यांच्यासाठी एक पान हवंच. आठवडाभर ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर दिवाणी दावे, आणि शनिवारी शाळा सुटायच्या सुमारास काळा कोट हातावर टाकून नौपाड्यात शाळेत हजर. पाठांतर स्पर्धेच्या मुलांकडून ते कविता वाचून घेत; खरेदीखतातली चतुःसीमा वाचावी तशी, एकही शब्द न गाळता.

चालीला हात अगदी शेवटी. आधी वहीत ओळ उतरवायची, प्रत्येक अक्षरावर खूण करायची: लघूला, म्हणजे आखूड उच्चाराच्या अक्षराला, चंद्रकोर; गुरूला, म्हणजे लांब उच्चाराच्या अक्षराला, आडवी रेघ. मग तीन-तीन अक्षरांचे गण पाडून गण ओळखायच्या ‘यमाताराजभानसलगा’ या सूत्राशी ताडून बघायचे. मुलं अडायची ती जोडाक्षरापाशी. जोडाक्षराआधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू, एवढंच पाठ असायचं. काका फळ्यावर ‘पुण्य’ आणि ‘तुझ्या’ शेजारी शेजारी लिहीत आणि मोठ्याने म्हणायला लावत. ‘पुण्य’मधल्या ‘पु’वर आघात येतो, म्हणून तो गुरू. ‘तुझ्या’तल्या ‘तु’वर येत नाही, तो लघूच. निवाडा कानाने करायचा.

मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. चार य गण, १२ अक्षरं, तिथे फारसं बिघडत नाही. मंदाक्रांता वृत्त मात्र हमखास बिघडतं. १७ अक्षरांपैकी पहिली ४ गुरू, पुढची ५ लघू. मुलं सगळी ओळ एकाच वेगाने म्हणतात, गुरू आखडतात, लघूंवरून घसरतात, आणि दहाव्या अक्षरावरच्या यतीपर्यंत, म्हणजे ओळीतल्या ठरलेल्या थांब्यापर्यंत, श्वास पुरत नाही. मग शब्द मधेच तुटतो. काका चौथ्या अक्षरावरच थांबायला लावत आणि तिथे अर्धा श्वास घ्यायला सांगत. बक्षीस गोड गळ्याला मिळालं असं लोकांना वाटायचं. माझ्या मते ते या अर्ध्या श्वासाचं असायचं.

त्यांची वकिली कवितेच्या कामी यायची ती शाळेचा अंक निघताना. कवीच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो, आणि ती वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. केशवसुत १९०५ मध्ये गेले, बालकवी १९१८ मध्ये; त्यांच्या कविता खुशाल छापाव्यात. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत हक्कधारकाची लेखी परवानगी हवी. स्नेहसंमेलनात शिक्षक, विद्यार्थी आणि पालकांपुढे कविता म्हणायला कायद्याची आडकाठी नाही. छापणं ही वेगळी गोष्ट. या बाबतीत ते कुणाचीही गय करत नसत, आणि ते योग्यच होतं.

प्रूफंही तेच तपासत. शार्दूलविक्रीडित वृत्ताची १९ अक्षरी ओळ दोन कॉलमांच्या पानात मावत नाही, जुळारी ती जागा संपेल तिथे तोडतो. तोडायचीच तर बाराव्या अक्षरानंतर, यतीवर तोडा आणि उरलेली ७ अक्षरं खाली थोडी आत घ्या, असं ते समासात पेन्सिलीने लिहून देत. या स्मरणिकेतल्या कविता एकाच कॉलमात घ्याव्यात, एवढी संपादक मंडळाला विनंती.