चोवीस जणींशी बोलून काय कळतं?

चोवीस बायकांच्या मुलाखतींतून काय कळतं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसा हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही सुटत नाही. माझा आतेभाऊ विमा कंपनीत आकडेमोड करतो. तो जिलबीवरची नजर न काढता विचारतो, "एन किती?" एन म्हणजे अभ्यासात माणसं किती. मी म्हणते, चोवीस. तो हसतो. चोवीस बायकांशी गप्पा मारल्या, याला संशोधन म्हणायचं?

या बायका बीड जिल्ह्यातल्या, ऊसतोडीला जाणाऱ्या. दिवाळीच्या आसपास घर सोडायचं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर राहायचं, ऊन तापलं की परत. यांच्यात गर्भाशय काढण्याचं प्रमाण फार आहे, ही बातमी 2019 साली गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. 82 हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींचं ऑपरेशन झालेलं निघालं. हा आकडा माझ्या चोवीस जणींतून सात जन्मांत निघाला नसता. तो मोजूनच कळतो.

पण कारण विचारलं की बाई काय सांगते? पहिल्या मुलाखतीत मला सांगितलं तेच. "डॉक्टर म्हणले, पिशवी खराब झालीय." मी लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. सतरा मिनिटांत सगळं आटोपलं. घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं तर बहुतेक वेळ मीच बोलत होते.

तेव्हापासून मी 'का' विचारणं सोडलं. 'का' म्हटलं की माणूस पोलिसांपुढे द्यावा तसा जबाब देतो. आता मी म्हणते, "मावशी, दवाखान्यात गेलात त्याच्या आदल्या दिवशी काय काय झालं? सकाळपासून सांगा." मग भाकरी थापता थापता गोष्ट येते. पहाटे तीनला उठले, पोटात कळ येत होती. मालक (म्हणजे नवरा) म्हणले, आज कोपीवरच (झोपडीतच) राहा. "राहा म्हणायला काय जातंय? खाडा कोण भरणार?"

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते ती जोडीवर. दोघांपैकी एकाने दांडी मारली तरी मुकादम खाडा लावतो, पैसे उचलीत चढतात. मावशींनी पिठाच्या बोटांवर हिशोब करून दाखवला, पाळीपायी महिन्याला दोन खाडे तर सबंध हंगामाचे किती. शेवटी म्हणाल्या, "करून टाकलं. मोकळी झाले."

हा शब्द माझ्या हातून जवळजवळ निसटलाच होता. तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला पाच-सहा तास लागतात, म्हणून मी एका विद्यार्थ्याला मदतीला घेतलं होतं. पोरगा हुशार, मराठी शुद्ध. त्याने 'म्हणले'चं 'म्हणाले' केलं, 'पिशवी'चं 'गर्भाशय' केलं आणि 'मोकळी झाले'च्या जागी लिहिलं, 'बरं वाटलं'. मी त्या उताऱ्याला 'वैद्यकीय सल्ला' असं कोड देऊन तो बाजूलाही ठेवला. (कोड देणं म्हणजे काय, तर समासात रंगीत पेन्सिलीने खूण करायची आणि सारख्या खुणा एकत्र वाचायच्या. सॉफ्टवेअर आहेत, पण मला पेन्सिल बरी पडते.) पुढे मूळ आवाज पुन्हा ऐकताना तो शब्द कानावर आला, मग बाकीच्या मुलाखतींतही सापडू लागला. बाळंतीण मोकळी होते, कर्ज फेडलेला माणूस मोकळा होतो. या कशातून मोकळ्या झाल्या होत्या? एक पाळीतून म्हणाली, एक खाड्यातून, एक 'कॅन्सर होईल' या घातलेल्या भीतीतून. एकीच्या वतीने तिच्या नवऱ्यानेच उत्तर दिलं, तेही मी तसंच टिपून ठेवलं. पाहणीच्या फॉर्मवर यातल्या एकाच चौकोनात खूण झाली असती.

आतेभावाने खरं तर विचारायला हवं ते वेगळंच: या चोवीस जणी तू गाठल्यास कशा? इथे मी मार खाल्लाय. पहिल्या आठ जणी एकीने दुसरीकडे नेलं अशा मिळाल्या आणि त्या साखळीची पहिली कडी होती मुकादमाची बायको. बोलणं तिच्याच ओसरीवर. मुकादम देवमाणूस, अशी आठही जणींची साक्ष! त्या मुलाखती मी फेकल्या नाहीत. त्या ओसरीवर काय बोलता येतं, हे त्यांतून कळतं. पण बाकीच्या जणींसाठी गावाच्या दुसऱ्या टोकाने शिरले.

आणि चोवीसच का? घाना आणि नायजेरियातल्या बायकांच्या 60 मुलाखतींवर 2006 साली एक लेख आला. महत्त्वाचे बहुतेक मुद्दे पहिल्या 12 मुलाखतींतच आले होते, पुढे नवीन फारसं काही नव्हतं. तेव्हापासून बारा हा आकडा विद्यार्थी मंत्रासारखा म्हणतात. पण त्या बायका बऱ्याच सारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि प्रश्नही ठरलेले होते, हे कुणी वाचत नाही. मला एकोणिसाव्या मुलाखतीनंतर वाटलं, झालं. बाविसावी निघाली विधवा. एकटीच फडावर जाते, म्हणजे अर्धा कोयता. माझं सगळं मांडलेलं जोडीवर उभं होतं.

म्हणून आणखी दोन अर्ध्या कोयत्यांना भेटले. तिसरीने निरोप पाठवलाय, फड सुटला की या. एन पंचवीस होईल.