मास्तरांची लेक

नाना नोकरीत होते तोवर आषाढी वारी त्यांना कधी पायी करता आली नाही. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून हलते आणि आमच्याकडच्या शाळा उघडतात जूनच्या मध्यावर. फलटण तालुक्यातली एकशिक्षकी शाळा. चार वर्ग, एक खोली, एक मास्तर. पटनोंदणी, पुस्तकवाटप, गळकी कौलं, सगळं त्याच आठवड्यांत. त्यांनी रजा टाकली की शाळेला कुलूप. मग पालखी फलटणच्या विमानतळावर मुक्कामाला आली की शाळा सुटल्यावर सायकल काढायची, पादुकांवर डोकं ठेवायचं आणि रात्री जेवायला घरी. एवढीच त्यांची वारी.

अठ्ठावन्न पूर्ण झाली, निवृत्त झाले, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता मोकळे. त्याच पावसाळ्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. नाना स्वयंपाक शिकले. भाकरी शेवटपर्यंत नकाशासारखीच व्हायची, पण आईची वेणी अशी घट्ट आणि सरळ घालायचे की शेजारच्या बायका विचारायच्या, कुणी घातली? पुढे आई काठी धरून चालायला लागली, मावशी येऊन राहायला तयार झाली, तरी हे निघेनात. शेवटी आईनंच त्यांना बाहेर काढलं. "जा एकदाचे. दिवसभर डबे पुसताय, फडताळ लावताय, जीव नको झालाय मला."

तेव्हापासून दरवर्षी गेले. निघायच्या आधी पाण्याची टाकी घासायची, जादा सिलिंडर आणायचा, दोन महिन्यांचा किराणा भरायचा, वीजबिल, नातवाची फी, आणि हे सगळं झाल्यावर उरलेल्या पेन्शनमधून दिंडीची भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणा-मुक्कामाची वर्गणी. हा क्रम कधी चुकला नाही.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. वैशाखात दिंडीचालकांचा फोन आला, "मास्तरांची भिशी या वर्षी कोण भरणार?" त्यांनी इतक्या सहज विचारलं की मीही सहज म्हटलं, मी. भावाचं दुकान पावसाळ्यात बंद ठेवता येत नाही आणि माझी रजा शिल्लक होती. चालक जरा थांबून म्हणाले, "ताई, मास्तर टाळकऱ्यांत असायचे. तुम्हाला मागं बायांत चालावं लागंल." म्हटलं, चालेल.

रजा बेताची होती, त्यामुळे आळंदी, पुणे, दिवेघाट सोडून मी सासवडला दिंडीत शिरले. आमची दिंडी रथामागची. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, आणि त्यांच्या मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. वारी म्हणजे नुसतं नाचत-गात जाणं असं टीव्हीवर वाटतं. प्रत्यक्षात तिला शाळेसारखं वेळापत्रक असतं. सकाळी 'रूप पाहता लोचनी'नं सुरुवात, मग वासुदेव, आंधळे, पांगळे, गौळणी असे ठरावीक अभंग, दुपारनंतर हरिपाठ. कुठल्या वेळेला काय म्हणायचं हे ठरलेलं. नाना इथं का रमले ते मला जेजुरी यायच्या आतच कळलं.

पायाला फोड आले ते वाल्ह्याच्या मुक्कामी. शेजारच्या मावशींनी सुईत दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवला, पाणी झिरपून जावं म्हणून. डॉक्टरांनी पाहिलं असतं तर ओरडले असते. सकाळी चालता मात्र आलं.

त्याच मुक्कामी सामानाच्या ट्रकमधून चालकांनी एक वही आणून दिली. प्लास्टिकची पिशवी, तिला रबर, आत लांबट वही. नानांनी पट्टीनं रेघा मारून शाळेच्या हजेरीपटासारखा पट केला होता. अनुक्रमांक, नाव, गाव, घरच्यांचा फोन, आणि शेवटचा रकाना 'शेरा'. त्यात लिहिलेलं: 'बीपीची गोळी सकाळी. विसरतात.' 'रात्री दिसत नाही, तंबूच्या कडेला झोपवू नये.' 'मुलाशी बोलत नाहीत, पण फोन त्यालाच करावा.' 'चहा बंद, तरी पितात.' रोज मुक्कामी पोचल्यावर नाना हजेरी घ्यायचे म्हणे. म्हातारी माणसं "हजर" म्हणून ओरडायची आणि हसायची.

एका नावावर आडवी रेघ होती आणि शेरा होता, 'नीरेवरून परत पाठवले.' चालकांना विचारलं. बायकोचे दिवस भरत आलेले असताना एक तरुण पोरगा हौसेनं वारीला आला होता. नीरेच्या पात्रात पादुकांचं स्नान झालं, मग नानांनी त्याला बाजूला घेतलं, एसटीचं तिकीट काढून दिलं आणि गाडीत बसवलं. पोरगा रडत होता, वारी मोडली म्हणून. नामदेव, सावता माळी, गोरा कुंभार हे सगळे संसारीच होते, एवढं एकच वाक्य नाना त्याला बोलले असं चालक सांगतात. घरी येऊन यातलं आम्हाला काही सांगितलं नाही.

फोडात दोरा घालणाऱ्या मावशी माण तालुक्यातल्या, सत्तरीच्या पुढच्या. लोणंदच्या तळावर त्या माझ्याजवळ सरकल्या. "तू मास्तरांची लेक न्हवं का? तुझ्या बापानं माझा अंगठा सोडवला बग." निराधार योजनेच्या पैशासाठी बँकेत दर वेळी अंगठा उठवताना त्यांना लाज वाटायची. नानांनी हरिपाठ झाल्यावर तंबूत पाटी काढून त्यांना सही शिकवली. पंढरपूर येईपर्यंत नाव यायला लागलं, आडनावाला पुढची वारी उजाडली. वहीच्या मागच्या पानांवर त्यांच्या सह्या आहेत. पहिल्या पानावर 'का'चा काना अक्षराला सोडून लांब पळालेला, चौथ्या पानावर तो जागेवर आलेला. खाली नानांचं लाल शाईतलं 'छान'. हेच 'छान' मिळवायला मी चौथीच्या स्कॉलरशिपच्या वर्षी रात्री गणितं सोडवत बसायची आणि मला ते क्वचित मिळायचं. खरं सांगायचं तर थोडा हेवाच वाटला.

नानांना वारीतलं सगळ्यात जास्त काय आवडायचं ते मात्र ते घरी वारंवार सांगायचे, ते म्हणजे समाजआरती. संध्याकाळी तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, वर करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. मग तिचं ऐकून घेतात. त्यानंतर हरवलं-सापडलं, उद्या किती वाजता निघायचं, आणि शेवटी आरती. तरडगावच्या तळावर मी ते पाहिलं. नाना म्हणायचे, "माझ्या वर्गातल्या पोरांना हे छडी उगारून जमलं नाही." छडी ते वापरत नसत, हा भाग वेगळा.

पुढचं सगळं गर्दीत आणि पावसात गेलं. सदाशिवनगरचं गोल रिंगण मी लोकांच्या खांद्यांच्या फटीतून पाहिलं. वेळापूरच्या अलीकडे धावा झाला, म्हणजे सगळे पळत सुटले, तेव्हा सत्तरीच्या मावशी माझ्या पुढे होत्या. वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र आल्या आणि तिथं तर पाऊल टाकायलाही जागा नव्हती.

पंढरपुरात दर्शनाची रांग पार लांब गेलेली. नाना रांगेत कधी उभे राहिले नाहीत. चंद्रभागेत स्नान, कळसाला हात जोडायचे, नगरप्रदक्षिणा, द्वादशीचं पारणं सोडलं की मिळेल ती एसटी. पालखी पौर्णिमेच्या काल्यापर्यंत तिथं असते, पण काला त्यांनी बघितला नाही, कारण घरी आई वाट बघत असायची. मीही तसंच केलं. स्टँडवरून आईला फोन लावला, म्हटलं, आई, झाली वारी.

"पोचलीस का? बरं. कुंकू आण, बुक्का आण. अन् चुरमुरे घेताना मूठभर तोंडात टाकून बघ. हे दरवर्षी सादळलेलेच घेऊन यायचे."