एकवीस की आठ?

गेली चौदा वर्षं मी पगारपत्रकं करते. त्यामुळे धाकटा भाऊ फोनवर "ताई, बायकांना पगार कमी मिळतो हे सगळं थोतांड आहे" म्हणाला तेव्हा आधी राग आला, आणि लगेच आठवलं की माझ्याच शीटमध्ये ग्रेड टाकली की बेसिक आपोआप येतो. बाई की पुरुष, हे ते सूत्र विचारतच नाही.

तरी मी म्हटलं, बायकांची कमाई पुरुषांपेक्षा एकवीस टक्के कमी. तो म्हणाला, आठ. गंमत अशी की दोन्ही आकडे एकाच अभ्यासातले निघाले. फ्रान्सिन ब्लाउ आणि लॉरेन्स कान या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेची २०१० सालची आकडेवारी तपासली होती. पूर्णवेळ नोकरीतल्या बायकांची ताशी कमाई पुरुषांच्या साधारण ७९ टक्के भरली. शिक्षण, अनुभव, व्यवसाय, उद्योग हे सगळं सारखं धरून पाहिल्यावर ती ९२ टक्क्यांवर गेली.

"मग खरी तफावत आठच की!" इथेच आमचं वाजलं. व्यवसाय सारखा धरला, म्हणजे कोण कुठल्या खुर्चीपर्यंत पोचलं हा प्रश्न हिशेबाआधीच वगळला. अर्थात उरलेले आठ टक्के म्हणजे निव्वळ भेदभाव, असंही मी म्हणणार नाही. ज्याचं कारण सापडलं नाही ते त्या रकान्यात पडतं, एवढंच. (हे त्याच्यासमोर मात्र कबूल केलं नाही.)

मग त्याने हुकमाचं पान काढलं: उबर. अमेरिकेतल्या त्यांच्या चालकांवर एक मोठा अभ्यास झाला आहे. भाड्याचं सूत्र सगळ्यांना एकच, घासाघीस नाही, तरी पुरुषांची ताशी कमाई सुमारे ७ टक्के जास्त. कारणं तीन: पुरुषांचा कामाचा अनुभव जास्त, ते कुठे गाडी चालवतात, आणि वेग. मला हे पटलं. साहेबाची वाईट नजर नसतानाही फरक पडू शकतो, हे मान्य करायला बायका उगाच कचरतात.

पण कोण कुठे आणि केव्हा काम करू शकतं, यावरच तर माझा सगळा मुद्दा उभा आहे. डेन्मार्कमध्ये अर्थतज्ज्ञ हेन्रिक क्लेवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पहिल्या मुलाआधी बाई आणि पुरुष दोघांच्या कमाईची रेघ जवळजवळ बरोबर चालते. मूल झालं की बाईची कोसळते, आणि पुढे कितीतरी वर्षं सुमारे २० टक्के मागेच राहते. बापाच्या रेघेला काहीच होत नाही. बाळंतपणाने शरीर थकतं म्हणून असेल, असं भाऊ म्हणाला. त्याच मंडळींनी दत्तक मूल घेतलेली घरंही पाहिली आहेत. तिथे बाळंतपण नाही, तरी काही वर्षांनी आईच्या कमाईतली घट तेवढीच.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल याच विषयातल्या कामासाठी मिळालं. काही नोकऱ्या हावरट असतात, असं त्यांचं म्हणणं: रात्री-अपरात्री हजर राहणाऱ्याला त्या तासांच्या प्रमाणाबाहेर मोबदला देतात. उलट अमेरिकेतल्या फार्मासिस्टचं उदाहरण त्या देतात. तिथे एकाच्या जागी दुसरा सहज उभा राहतो, म्हणून कमी तास काम केलं तरी ताशी दर फारसा घसरत नाही आणि तफावतही कमी. मला हे वाचून हायसं वाटलं, कारण यात कुणाला "बायकांनो, धीट व्हा, पगार मागून घ्या" असा उपदेश नाही. त्या उपदेशाचा मला कंटाळा आलाय.

फोन ठेवल्यावर मी माझीच जुनी कागदपत्रं काढली. माझ्याबरोबर त्याच महिन्यात, त्याच ग्रेडवर एक सहकारी रुजू झाला होता. पगाराच्या रकान्यात शोधून काही सापडलं नाही, फरक होता बढतीच्या तारखेत. लेक झाल्यावर मी दोन वर्षं अर्धवेळ काम केलं, आणि पुढची ग्रेड मला त्याच्यानंतर चार वर्षांनी मिळाली. आज आम्ही दोघं एकाच ग्रेडवर नाही, त्यामुळे "समान पदाला समान पगार" तपासणाऱ्याला आमच्यात काहीच वावगं दिसणार नाही.

आमच्या बढतीच्या दोन्ही तारखा भावाला पाठवल्या. त्याचं उत्तर आलं, "पण ताई, अर्धवेळ तूच मागून घेतलंस ना?"

हो, मीच मागितलं. नवऱ्यानेही त्याच्या ऑफिसात तसा अर्ज करून पाहावा, हे तेव्हा आम्हा दोघांपैकी कुणाला सुचलंसुद्धा नव्हतं.